पणजोबांनी आणलेल्या दोन बरण्या चिनी की जपानी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या घरात साधारण दीड फूट उंचीच्या, झाकणाच्या दोन बरण्या आहेत. रंग निळा, विटकरी लाल आणि सोनेरी. अंगभर फुलं-पानं, मध्ये खिडकीसारख्या चौकटी, झाकणावर सिंह. तळाला सहा चिनी अक्षरं आहेत आणि कुणीतरी ती वाचून 'मिंग काळ' असं सांगितलंय. मुंबईत सुताच्या व्यापारात असलेल्या पणजोबांनी त्या आणल्या. त्या खरंच मिंग काळातल्या आहेत का, चित्रांचा अर्थ काय, आणि उडालेलं सोनं पुन्हा चढवून घ्यावं का, हे तुम्हाला विचारायचंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे घाई झाली तर नुकसान भरून निघत नाही. सोनं चढवून घेऊ नका. कारण पुढे येईलच.

मी गेली तीस वर्षं चिनी मातीच्या जुन्या वस्तूंची दुरुस्ती आणि जतन करते. आपल्याकडे पांढऱ्या, चकचकीत, टणक मातीच्या प्रत्येक भांड्याला 'चिनी माती' म्हणतात, आणि मग ते भांडं चीनचंच असणार असं घरात धरून चालतात. तुमच्या वर्णनावरून आणि पाठवलेल्या तीन फोटोंवरून या बरण्या मला जपानी वाटतात. जपानच्या क्यूशू बेटावर आरिता नावाचं गाव आहे, तिथल्या किंवा त्याच्या आसपासच्या भट्ट्यांमधल्या. हा माल जवळच्या इमारी बंदरातून बोटींवर चढायचा, म्हणून त्याला बंदराचंच नाव पडलं: इमारी.

मग तळाची ती अक्षरं? तुमच्या फोटोत 'महान मिंग, चंगह्वा राजवटीत बनवलं' असा मजकूर दिसतो. चंगह्वा बादशहाचा काळ १४६५ ते १४८७. त्या काळी जपानमध्ये पोर्सेलिन, म्हणजे ही पांढरी, टणक चिनी माती, बनतच नव्हतं. पण आरिताच्या कारागिरांनी ही अक्षरं शेकडो भांड्यांवर उतरवलेली आहेत, आणि त्यांच्याही आधी खुद्द चिनी कारागिरांनी नंतरच्या मालावर ती लिहिलेली आहेत. त्यात फसवणूक असायचीच असं नाही. चंगह्वाचा काळ उत्तम कामाचा मानला जाई, म्हणून ते नाव आदराने, शुभ म्हणून घातलं जाई. सुख, सौभाग्य या अर्थाचं 'फुकु' हे एकच अक्षरही असंच सर्रास येतं. म्हणून माझा नियम असा की तळाची अक्षरं सगळ्यात शेवटी वाचायची. आधी बरणीचं अंग वाचायचं.

अंग वाचायचं म्हणजे काय, तर कोणता रंग कुठल्या आगीतून गेला ते ओळखायचं. एवढं जमलं की निम्मं काम झालं.

तुमच्या बरणीवरचा निळा रंग आणि लाल रंग एका वेळी लागलेले नाहीत. निळा सगळ्यात आधी, उघड्या मातीवर लागतो. तो कोबाल्टचा. जपानीत त्या खनिजाला गोसु म्हणतात. कोरडी माती रंग टिपकागदासारखी शोषते, त्यामुळे एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही. त्यावर काचेची झिलई चढवतात. आरितात त्या झिलईत इसु नावाच्या झाडाची राख घालायची रीत होती. मग भांडं डोंगरउतारावर पायरीपायरीने बांधलेल्या भट्टीत, साधारण १,३०० अंश सेल्सिअसला भाजतात. निळा आता कायमचा काचेखाली गेला. त्याला तुम्ही बोट लावू शकत नाही, नखही लावू शकत नाही.

लाल, हिरवा, पिवळा, जांभळा हे नंतर, तयार झालेल्या काचेवर. यांनाच इनॅमलचे रंग म्हणतात. आपल्या मीनाकामाशी त्यांचं जवळचं नातं आहे: शिसं घातलेली, सहज वितळणारी काच, तिच्यात धातूची भर. तांब्याने हिरवा, लोहाने पिवळा, मँगनीजने जांभळा. हे रंग १,३०० अंशांना टिकत नाहीत, म्हणून त्यांची दुसरी, लहान भट्टी असते आणि आच साधारण ७५० ते ८०० अंशांची. आणि सोनं त्याच्याही नंतर, आणखी मंद आचेवर. एका बरणीला अशा तीन-तीन आगी लागतात. प्रत्येक वेळी ती तडकण्याची भीती असतेच.

आता डोळे मिटा आणि बोटाचं टोक बरणीवरून हळू फिरवा. निळ्या पानावर काहीच लागणार नाही, सलग गुळगुळीत काच. हिरव्या ठिपक्यावर पाण्याचा थेंब गोठल्यासारखा उंचवटा लागेल. लाल मात्र वेगळा आहे. तो पारदर्शक काच नाही, तो लोहाच्या गंजाची बारीक वाटलेली पूड आहे, आपला गेरू जसा. म्हणून तो पातळ, सपाट, किंचित कोरडा लागतो, आणि उजेडात तिरपा धरला तर हिरव्यासारखा चमकत नाही. या लाल पुडीला जपानीत बेंगारा म्हणतात. तो शब्द बंगालवरून आला, कारण हा रंग तिकडून येतो अशी त्याची ओळख होती. जपानी बरणीवरच्या सगळ्यात जपानी वाटणाऱ्या रंगाच्या नावात आपल्याकडचा एक प्रांत बसला आहे, याचा मला दर वेळी आनंद होतो.

यातली मला सर्वांत भावणारी गोष्ट अजून सांगायचीच आहे. निळं काढणारा आणि लाल भरणारा ही बहुधा एकच व्यक्ती नसे. भट्टीवाले निळ्या चित्रासकट भांडी भाजून द्यायचे, आणि मग ती आरितातल्या एका खास मोहल्ल्यात जायची. त्या मोहल्ल्याचं नाव आका-ए-माची, म्हणजे 'लाल चित्रांची वस्ती'. तिथे इनॅमलचं काम करणारी मोजकीच घरं. आधी ११ होती, १६७२ मध्ये ती १६ केली. हा आकडा गावकऱ्यांनी नव्हे, त्या मुलखाच्या नाबेशिमा सरदारांच्या कारभाराने ठरवलेला. रंगांची कृती बाहेर फुटू नये हा हेतू.

म्हणजे निळं काढणाऱ्याला पुढचं चित्र मनात धरूनच काम करावं लागे. आपल्या बरणीवर भिंग घेऊन पाहा: गडद निळ्या पानांच्या मधोमध फुलाच्या आकाराची पांढरी जागा कोरी ठेवलेली असेल आणि तिच्यात नंतर लाल शेवंती बसवलेली असेल. काही ठिकाणी लाल पाकळी त्या कोऱ्या जागेत नीट मावत नाही, जराशी निळ्यावर चढते, किंवा एका बाजूला पांढरी फट राहते. पुष्कळ लोक तिला दोष समजतात. मला तिथे दोन माणसं दिसतात. दोन वेगळ्या घरांत बसलेली, मध्ये एक मोठी आग. एकाने जागा सोडली आणि दुसऱ्याने ती ओळखली. छापील नक्षीत अशी फट कधी सापडत नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते थोडं सांगते, कारण काळ ओळखायला त्याचा उपयोग आहे. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या आणि परतताना जपानी सरदारांनी तिथले कुंभार आपल्याबरोबर आणले. त्यांतल्या यी साम-प्योंग या कुंभाराला आरिताजवळ इझुमियामा इथे पोर्सेलिनचा दगड सापडला, असं परंपरा सांगते. साल १६१६ धरतात. पहिली काही दशकं फक्त निळं-पांढरं काम झालं. रंगीत इनॅमल आलं १६४० च्या दशकात. आरिताच्या काकिएमोन या कुंभार घराण्याच्या जुन्या कागदांत नोंद आहे की इमारीचा व्यापारी तोकुएमोन याने नागासाकीत एका चिनी माणसाला पैसे मोजून ही कृती मिळवली, साकाइदा किझाएमोनने ती वारंवार फसत-फसत बसवली, आणि १६४७ मध्ये पहिला रंगीत माल नागासाकीत विकला गेला. हाच किझाएमोन पुढे पहिला काकिएमोन म्हणून ओळखला गेला.

वेळही अशी जुळली की १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग सत्ता कोसळली, तिथल्या जिंगडेझेन या पोर्सेलिनच्या मोठ्या केंद्रातल्या भट्ट्या विस्कळीत झाल्या आणि युरोपला पोर्सेलिन मिळेना. नागासाकीच्या देजिमा बेटावर बसलेल्या डच कंपनीने मग आरिताकडे मोर्चा वळवला. १६५९ मध्ये तिने एका फटक्यात ५०,००० हून अधिक नगांची मागणी नोंदवली. गावाने ती पुरी करायला दोनेक वर्षं घेतली. या मालातला काही भाग सुरतेलाही उतरत असे.

इथे थोडं थांबून काकिएमोन बरण्यांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, जरी तुमच्या बरण्या त्या जातीच्या नाहीत. साधारण १६७० ते १६९० च्या दशकांत काकिएमोन पद्धतीची जी सर्वोत्तम भांडी झाली त्यांच्या पांढऱ्या अंगाला निगोशिदे म्हणतात. निगोशी म्हणजे तांदूळ धुतल्यावरचं पाणी. तांदळाचं धुवण. तोच दुधट, उबदार पांढरा, ज्यात निळसरपणाचा मागमूस नाही. आरिताच्या साध्या झिलईत नेहमी थोडी निळी-करडी झाक असते. ती घालवण्यासाठी झिलई आणि माती दोन्ही बदलावी लागली. ही माती भाजताना फार वाकते-तडकते, म्हणून माल थोडा निघायचा. या अंगावर काचेखालचा निळा सहसा नसतोच. निळा हवा असेल तर तोही वरून, इनॅमलचाच, पारदर्शक नीलमण्यासारखा.

आणि एवढ्या कष्टाने मिळवलेला पांढरा मग ते झाकत नाहीत. बरणीच्या एका कुशीला प्लमची फांदी, तिच्या पायाशी दोन लावे, दुसरी कुशी जवळजवळ रिकामी. काही बरण्या षट्कोनी असतात. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात दुसऱ्या मेरी राणीच्या काळापासून अशा झाकणाच्या षट्कोनी बरण्या आहेत, म्हणून त्या घाटाला जगभर त्या राजवाड्याचंच नाव पडलं. जर्मनीत माइसनचा कारखाना १७१० मध्ये उभा राहिला आणि सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याच्या ड्रेस्डेनच्या संग्रहातली काकिएमोन भांडी समोर ठेवून तिथल्या चित्रकारांनी नकला केल्या. लावे तेच, बांबू तोच, वाघ तोच. रेघ मात्र जरा ताठ. निगोशिदेची कृती जपानात मध्यंतरी विसरली गेली होती. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोनने १९५३ मध्ये ती पुन्हा उभी केली.

तुमच्या बरण्यांची जात याच्या उलट टोकाची. १६९० च्या दशकात गेनरोकू काळातली श्रीमंती आरिताच्या भांड्यांवर उतरली आणि किनरांदे, म्हणजे जरीच्या कापडासारखं काम, सुरू झालं. गडद निळा, लाल, सोनं, आणि कुठेही मोकळी जागा नाही. किमोनोच्या कापडावरच्या नक्ष्या सरळ भांड्यावर आल्या. युरोपात तीन झाकणाच्या बरण्या आणि दोन तोंड पसरलेल्या उंच फुलदाण्या असा पाचांचा संच शेकोटीवर किंवा कपाटावर मांडायची पद्धत पडली होती. आज एकट्या-दुकट्या सापडणाऱ्या बऱ्याच बरण्या अशा फुटलेल्या संचातल्या असतात.

आता तुमच्या मुद्द्यावर. जपानी म्हटलं तरी कधीच्या? मला तीन शक्यता दिसतात.

एक, साधारण १६९० ते १७४० मधल्या. दोन, मेइजी काळातल्या, म्हणजे १८६८ ते १९१२ मधल्या. तीन, जपानी नसून इमारीची नक्कल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जिंगडेझेनने परत बाजार काबीज करायला स्वतःच 'चिनी इमारी' काढली, आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सॅमसनच्या कारखान्यात अशा नकला बनत.

चिनी इमारी बाजूला काढणं त्यातल्या त्यात सोपं. तिचं अंग पातळ आणि हलकं, झिलई नितळ, निळा स्वच्छ, लाल पातळसर, केशरीकडे झुकलेला, आणि तळाच्या उघड्या कडेला झिलई संपते तिथे बहुधा गंजासारखी तपकिरी रेघ. आरिताची बरणी हातात जड लागते. झिलईत करडी-निळी झाक आणि तिरप्या उजेडात मलमलीच्या विणीसारखे बारीक खड्डे. लाल दाट, जवळपास वाळलेल्या रक्ताचा. फोटोत तुमचा लाल तसाच आहे.

जुनी आरिता आणि मेइजी यांत फरक करायला मी पहिल्यांदा निळा बघते. जुना गोसु खाणीतला, त्यात मँगनीज आणि लोह मिसळलेलं, म्हणून तो शाईसारखा, किंचित काळपट, आणि एकसारखा कधीच नसतो. कडेची बारीक रेघ एका कुंचल्याने, आतली भरण पाण्याने भिजलेल्या जाड कुंचल्याने. भरण जिथे साचली तिथे गडद, जिथे ओसरली तिथे फिकी. १८७० मध्ये गॉटफ्रीड वागेनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ आरितात आला आणि त्याने तिथल्या लोकांना युरोपचा शुद्ध केलेला कोबाल्ट आणि नवे इनॅमल रंग वापरायला शिकवले. त्यानंतरचा निळा बराचसा एकसारखा, जांभळट, डोळ्यांत भरणारा होतो. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात आरिताच्या मालाने मोठी बाजी मारली, आणि पुढची तीसेक वर्षं मोठाल्या बरण्या जहाजं भरभरून बाहेर गेल्या.

दुसरं सोनं. जुनं सोनं म्हणजे खऱ्या सोन्याची पूड, भाजून झाल्यावर घोटलेली. तिची चमक मऊ, जुन्या जरीच्या काठासारखी. मेइजी काळात युरोपातून पातळ द्रवरूप सोनं आलं. ते भट्टीतून आरशासारखं चकाकतच बाहेर पडतं, पण त्याचा थर फार पातळ. तुमच्या बरण्यांच्या गळ्याजवळचं सोनं सलग पट्ट्यात गेलंय आणि उरलेलं पितळी चमक दाखवतंय. शिवाय चौकटींमध्ये आकाशी-हिरवा आणि गुलाबीसर रंग आहे, आणि अंगाला खरबुजासारख्या उभ्या फाका आहेत. हे सगळं मेइजीकडे बोट दाखवतं. मला वाटतं, १८८० ते १९१० मधल्या.

घरची हकीकतही याला जुळते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीने मिळून मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू केला. जाताना कापूस, येताना जपानी माल. सुताच्या व्यापारातल्या माणसाकडे त्या काळात जपानी बरण्या येणं अगदी स्वाभाविक. मिंग काळाचा शिक्का गेला म्हणून खट्टू होऊ नका. पणजोबांच्या हातून खरंच गेलेली, त्यांच्या काळाची, त्यांच्या व्यापाराची साक्ष देणारी वस्तू तुमच्याकडे आहे, आणि माझ्या लेखी तिचं मोल बनावट मिंगपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

तळाला इंग्रजीत 'निप्पॉन' किंवा 'जपान' नाही, याबद्दलही तुम्ही विचारलंत. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा 'निप्पॉन' आलं. १९२१ पासून त्यांना 'जपान' हवं झालं. पण तो कायदा अमेरिकेचा. मुंबईकडे निघालेल्या मालावर तसं काही नसलं तर त्यातून एवढंच कळतं की तो अमेरिकेसाठी नव्हता.

चित्रांचा अर्थ. सिंह आणि पिओनीचं मोठं फूल ही जोडी ठरलेली: पशूंचा राजा आणि फुलांचा राजा. जपानात सिंह नाहीत. म्हणून तो असा कुरळ्या केसांचा, डोळे वटारलेला, निम्मा कुत्र्यासारखा. तुमच्या एका चौकटीत पाइन, बांबू आणि प्लम एकत्र दिसतात. हे हिवाळ्याचे तीन सोबती. पाइन थंडीतही हिरवा, बांबू वाकतो पण मोडत नाही, प्लम बर्फात फुलतो. दुसऱ्या चौकटीतला लांब शेपटीचा पक्षी फिनिक्स, जपानीत होओ. गळ्याभोवतीची एकमेकांत अडकलेली वर्तुळं म्हणजे शिप्पो, 'सात रत्नं'. तुकडे जोडलेल्या गोधडीची आठवण करून देणारी ही भूमितीची नक्षी थेट कापडावरून आलेली आहे. मात्र प्रत्येक पानात गूढ अर्थ शोधू नका. मेइजी काळात कारागीर परदेशी गिऱ्हाइकाला आवडेल ते भरत होते, आणि ते त्यांनी मन लावून भरलं.

कुतानी आणि सात्सुमा ही नावं तुमच्या कानावर आली असतील. कुतानी होन्शू बेटावरच्या कागा प्रांतातलं. 'जुनं कुतानी' म्हणून मिरवलेली बरीच गडद हिरवी-पिवळी भांडी प्रत्यक्षात आरितात झाली, असं तिथल्या भट्ट्यांच्या उत्खननांतून आता दिसतं. मेइजी काळातलं निर्यातीचं कुतानी लाल-सोनेरी असतं आणि त्यात काचेखालचा निळा नसतो, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. सात्सुमा तर पोर्सेलिनच नव्हे. ती पिवळसर मऊ माती, आणि झिलईवर बारीक भेगांची जाळी. तुमच्या बरण्या दोन्हींत बसत नाहीत.

आता ते सोनं. पुन्हा चढवायचं म्हणजे खऱ्या अर्थाने भट्टीत घालावं लागेल, आणि शंभर वर्षं ओल-हवा खाल्लेलं, आत बारीक भेगा असलेलं भांडं पुन्हा तापवलं तर ते तडकतं किंवा जुने इनॅमल काळवंडतात. म्हणून बाजारात कुणीच भट्टीत घालत नाही. ब्राँझच्या पुडीचा रंग फासतात. तो दोन वर्षांत हिरवट-काळा पडतो आणि काढताना खाली उरलेलं खरं सोनंही निघून जातं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बरणी आली होती. गळ्याजवळची केसाएवढी भेग लपवायला कुणीतरी अर्धी पुढची बाजू तैलरंगाने रंगवली होती. अतिनील दिव्याखाली तो रंग लगेच उठून दिसला. तीन आठवडे कापसाच्या बोळ्याने थोडाथोडा काढला. खाली प्लमची फांदी अख्खी होती, एक पाकळीही गेलेली नव्हती. त्या घरातल्या लोकांनी वीस वर्षं ती पाहिलीच नव्हती.

माझ्या हातूनही चूक झालेली आहे. शिकत होते तेव्हा एक बरणी मी रात्रभर पाण्यात ठेवली. तिच्या झाकणाचा सिंह पूर्वी कधीतरी सरसाने चिकटवलेला होता हे मी पाहिलं नव्हतं. सकाळी सिंह सुटा, आणि विरघळलेला सरस एका भेगेत शिरून तिथे तपकिरी डाग कायमचा बसला. तेव्हापासून मी आधी दिव्याखाली बघते, मग बोटाच्या पेराने हलकं वाजवून ऐकते. धड भांडं घंटेसारखं वाजतं. भेग असेल तर आवाज बसका येतो.

घरी एवढंच करा. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा, गळ्याकडून खाली. फारच मळ असेल तर कोमट पाणी आणि अगदी थोडा सौम्य साबण, कापडाने टिपून, सोन्यावर न घासता. दिवाळीच्या साफसफाईत पितळेबरोबर या बरण्यांनाही चिंच-लिंबू लागतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. कृपा करून टाळा. इनॅमलमध्ये शिसं आहे, आंबट लागलं की त्यावर पांढुरका थर येतो आणि तो जात नाही. त्याच कारणाने बरणी म्हणून तिच्यात लोणचं किंवा खायचं काहीही ठेवू नका. उचलताना झाकण आधी वेगळं काढा, सिंहाला धरून नव्हे तर कडेला दोन्ही हातांनी. मग बरणी एका हाताने तळातून, दुसऱ्याने पोटातून. झाकण पडू नये म्हणून चिकटपट्टी लावतात, ती सोन्यावर कधीच नको. काढताना सोनं पट्टीबरोबर येतं. आत तळाशी कोरड्या वाळूची कापडी पिशवी ठेवली तर धक्क्याने बरणी सहज कलंडत नाही.

तुमची बहीण अमेरिकेत आहे आणि एक बरणी तिला द्यायचीय असं तुम्ही लिहिलंय. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. या बरण्या नेमक्या त्या सीमेच्या पलीकडच्या आहेत. सामानात बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

आणि एकदा मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन या. टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी आणि जपानी कलावस्तू तिथे आहेत. हैदराबादला जमलं तर सालारजंग संग्रहालयातही जपानी भांडी पाहा. काचेपलीकडून बोट लावता येत नाही, पण निळा खाली आणि लाल वर हे एकदा डोळ्याला बसलं की घरी आल्यावर तुमच्या बरण्या वेगळ्या दिसतील.

काळाबद्दल मला खात्री करायची असेल तर आणखी चार फोटो लागतील: तळाची उघडी कड जवळून, झाकण उलटं करून त्याची आतली बाजू, पोटाच्या मध्यावर जिथे वरचा आणि खालचा भाग जोडल्याची आडवी शीव जाणवते ती जागा, आणि लाल फुलाभोवतीची कोरी जागा शक्य तितकी मोठी. फोटो खिडकीजवळ, दुपारच्या उजेडात घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. दोन्ही बरण्यांचे वेगवेगळे पाठवा. झाकणं पूर्वी कधी अदलाबदल झाली आहेत का, ते दोघींच्या निळ्याची छटा शेजारी ठेवूनच कळेल.